हवामान-आपत्ती आराखड्यात दिव्यांगांसाठी एकच ओळ आहे; तिच्या जागी काय लिहून घेऊ?

चौथा मजला

आमच्या भागाचा आपत्ती आराखडा नव्याने लिहिला जातोय. पूर, वादळ, उष्णतेची लाट आणि लांबलेला वीजपुरवठ्याचा खोळंबा असं सगळं त्यात घ्यायचं ठरलंय. मसुदा जाडजूड आहे आणि मनापासून केलेला आहे. पंप कुठे ठेवायचे, कुठला रस्ता आधी पाण्याखाली जातो, निवाऱ्याच्या चाव्या कोणाकडे, इतक्या बारकाईने लिहिलंय. दिव्यांगांबद्दल मात्र एकच वाक्य आहे: ‘वृद्ध, गरोदर स्त्रिया, लहान मुले व दिव्यांग यांना प्राधान्याने सुरक्षित स्थळी हलवावे.’ कोणी हलवायचं, कशातून, कुठल्या जिन्याने, पाणी कुठवर आल्यावर, याचा पत्ता नाही.

मी पर्यावरणाच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून मसुदा माझ्याकडेही आला. ‘नजर टाका, काही सुचलं तर दोन ओळी लिहून द्या’ असा निरोप होता.

माझी परिस्थिती सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. मानेच्या मणक्याला इजा झाल्यापासून मी बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर वापरते. राहते चौथ्या मजल्यावर. वीज गेली की लिफ्ट थांबते. मला चौघं मिळून उचलून खाली नेतील, पण खुर्ची नेता येणार नाही. बॅटऱ्यांसकट तिचं वजन शंभर किलोच्या वर आहे. म्हणजे बचाव पथक वेळेवर आलं तरी ते मला घेऊन जाईल आणि माझे पाय वर ठेवून येईल. निवाऱ्यात मला जमिनीवर आडवं केलं की पुढे घोटभर पाण्यासाठीसुद्धा कोणाला तरी हाक मारायची.

आणि जमिनीवर आडवं होणंही माझ्यासाठी साधं नाही. मी हवेच्या गादीवर झोपते. एक छोटा पंप तिच्या कप्प्यांत आळीपाळीने हवा भरत राहतो, त्यामुळे अंगाचा एकच भाग सतत दाबला जात नाही. पंप बंद पडला की दर दोन तासांनी कोणीतरी कूस बदलून द्यावी लागते. नाही दिली तर बेडसोर, म्हणजे सततच्या दाबाने कातडीला जखम होते. ती एका रात्रीत होते आणि भरायला महिने घेते. मला तिथे संवेदना नाही, त्यामुळे होत असताना कळतही नाही.

बैठकीत हे बोलले तेव्हा उत्तरं मिळाली ती अशी: ‘अशी माणसं किती असतील?’ ‘घरचे असतातच की.’ ‘आधी सगळ्यांचं बघू, मग विशेष गरजांचं परिशिष्ट जोडू.’ बोलणारी माणसं वाईट नाहीत, त्यातले दोघे तर माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. पण परिशिष्ट रात्री दोन वाजता कोण उघडून बघणार?

मला सांगा, त्या एका वाक्याच्या जागी नेमकं काय लिहून घेऊ? जगात कुठे हे नीट केलंय का, जे समोर ठेवता येईल? सहानुभूती नको, कामाचं सांगा.

नियंत्रण कक्ष

ताई, नोकरीतली बरीच वर्षं मी आपत्तीच्या काळात फोन घेणाऱ्या टेबलावर काढली. ‘प्राधान्याने हलवावे’ या वाक्याचा त्या टेबलावर काही उपयोग होत नाही. फोन कोणाला लावायचा तेच त्यात नसतं.

सगळ्यात आधी वेळ मागून घ्या. जुलै २०२१ मध्ये जर्मनीत आर नदीला पूर आला, तेव्हा झिन्झिग गावातल्या दिव्यांगांच्या निवासगृहात तळमजल्यावर राहणारे १२ जण बुडाले. रात्रपाळीला एकच कर्मचारी होता. सगळ्यांना वरच्या मजल्यावर न्यायला हातही पुरले नाहीत आणि वेळही. बातम्यांमध्ये अशा लोकांना ‘असहाय’ म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांना जिना चढायला मदत आणि थोडा जास्त वेळ लागत होता, एवढंच. इशारा कधी द्यायचा आणि ड्युटीवर किती माणसं ठेवायची, हे ठरवताना तो वेळ कोणी धरलाच नव्हता.

जपानने यावर केलेला उपाय मला आवडतो. तिथे पूर-वादळाच्या इशाऱ्याच्या पाच पातळ्या आहेत. चौथ्या पातळीला धोक्याच्या भागातल्या सगळ्यांनी निघायचं असतं. तिसरी पातळी खास त्यांच्यासाठी आहे ज्यांना निघायला वेळ लागतो, म्हणजे वृद्ध, दिव्यांग आणि त्यांचे मदतनीस. २०२१ मध्ये त्यांनी या पातळ्यांची भाषा आणखी सुटसुटीत केली, म्हणजे ‘मी आत्ता निघायचं की थांबायचं’ हा गोंधळ राहू नये. तुमच्या मसुद्यातही असा वेगळा टप्पा हवा. लिफ्ट चालू आहे, रस्ता कोरडा आहे, गाडी दारापर्यंत येते आहे, तोवर तुम्ही खुर्चीसकट बाहेर पडलेल्या असायला हव्यात. एकदा पाणी आलं आणि वीज गेली की मग आमच्यासारख्यांनी कितीही जीव तोडला तरी तुम्हाला खुर्चीशिवायच काढावं लागणार.

त्यामुळे पहिली मागणी अशी लिहा: नदीची पातळी अमुक खुणेला आली, किंवा वादळाचा अमुक इशारा लागला, की दुसऱ्या कुठल्याही आदेशाची वाट न बघता या यादीतल्या लोकांकडे गाडी जाईल. आणि गाडी म्हणजे मागे उतार असलेली, खुर्ची आत बांधून ठेवता येईल अशी. साध्या रुग्णवाहिकेत तुम्ही स्ट्रेचरवर जाल आणि खुर्ची फुटपाथवर राहील.

पांढरी काठी

वरच्या दोघांशी सहमत. मी दृष्टिहीन आहे, माझं दुखणं वेगळ्या ठिकाणी आहे, ते लिहितो.

आमच्याकडे सूचना येतात त्या कागदाचा फोटो काढून. कोणीतरी सहीशिक्क्याचं पत्र टेबलावर ठेवून फोटो घेतो आणि तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. माझा फोन मला त्यावर ‘फोटो’ एवढंच वाचून दाखवतो. वादळ किती वाजता धडकणार, कुठला निवारा उघडला, कुठला पूल बंद केला, हे सगळं त्या एका शब्दात अडकून पडलेलं असतं. मग मी शेजाऱ्यांचं दार वाजवायचं आणि ते घरी असावेत अशी आशा करायची. टाईप केलेला मजकूर पाठवायला त्याच माणसाला दोन मिनिटं जास्त लागली असती. पैशांचा तर प्रश्नच नाही. तेव्हा आराखड्यात लिहून घ्या की प्रत्येक सूचना मजकूर म्हणून आणि आवाजातही जाईल. नकाशा पाठवलात तर त्याखाली तेच शब्दांत लिहा: कुठून निघायचं, कुठे वळायचं.

दुसरं, पुरानंतर ओळखीचा रस्ता ओळखीचा राहत नाही. काठीला जिथे कठडा लागायचा तिथे गाळ लागतो, झाकण नसलेलं गटार पाण्याखाली असतं. तेव्हा ‘यांना रस्ते पाठ असतात’ असं धरून चालू नका.

आणि निवाऱ्यात पोचल्यावर हाताला धरून ओढत नेऊन खाटेवर बसवू नका. कोपर पुढे करा, मी धरतो. एकदा दारापासून खाटेपर्यंत आणि खाटेपासून संडासापर्यंत चालवून आणा. तेवढं झालं की नंतर मला कोणाची गरज लागत नाही, उलट मीच रांगेतल्या म्हाताऱ्यांना सांगू शकतो कुठे काय आहे.

हात बोलतात

मी जन्मापासून बहिरी. भोंगा, दारावरची थाप, गाडीवरचा कर्णा यातलं काही मला ऐकू येत नाही. रात्री तर सगळंच बंद. उशीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र आणि चमकणारा दिवा मिळतो, पण तो इशाऱ्याच्या यंत्रणेला जोडलेला नसेल तर काय फायदा. आणि मदतीचा नंबर फक्त बोलण्याचा असला तर मी तिथे काय करू? तोच नंबर लिखित संदेश आणि व्हिडिओ कॉल घेतो की नाही, हे विचारा.

दुभाष्याबद्दल एक खरी घटना सांगा तुमच्या समितीला. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ येत असताना फ्लोरिडातल्या मॅनटी काउंटीत अधिकाऱ्यांनी लोकांना घरं सोडायला सांगणारी पत्रकार परिषद घेतली. सांकेतिक भाषेसाठी त्यांनी आपल्याच एका कर्मचाऱ्याला उभं केलं, कारण त्याचा भाऊ बहिरा होता. त्याचे हातवारे बघणाऱ्या बहिऱ्या लोकांना मध्येच ‘पिझ्झा’ आणि ‘राक्षस’ असे शब्द दिसत होते. बाकी सगळं असंबद्ध. लोक यावर हसतात. मला अजून राग येतो. वादळ दारात आहे आणि जीव वाचवायची सूचना तुमच्या भाषेत आहे असा नुसता देखावा उभा केलाय. पात्र दुभाषी आधीच ठरवून ठेवावा लागतो, ऐन वेळी सापडत नाही. आणि कॅमेरा अधिकाऱ्याच्या तोंडाजवळ गेला की दुभाषी चौकटीबाहेर जातो, तेही लिहून घ्या.

अजून एक गोष्ट, जी ऐकू येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अंधारात आम्हाला बोलता येत नाही. बचाव पथकातला माणूस बॅटरीचा झोत माझ्या डोळ्यांवर मारतो तेव्हा मला त्याचे ओठ, हात काहीच दिसत नाही. त्याने झोत स्वतःच्या चेहऱ्यावर आणि हातांवर धरला तर खुणांनी तरी काम भागतं. हे प्रशिक्षणात पाच मिनिटांत शिकवता येतं.

चौथा मजला

खूप उपयोगाचं लिहिताय सगळे. वेगळा टप्पा आणि टाईप केलेली सूचना हे दोन्ही मी लगेच मसुद्यात घातलं.

पुराबद्दल लोक निदान ऐकून घेतात. उष्णतेच्या लाटेबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे पाणी दिसत नाही, आरडाओरडा होत नाही. मसुद्यात लिहिलंय, ‘नागरिकांनी दुपारी घरातच थांबावे, भरपूर पाणी प्यावे.’ मी घरातच असते. माझं शरीर इजेच्या पातळीखाली घाम गाळत नाही. घाम नाही म्हणजे अंग थंड करायची आतली सोयच नाही, खोली तापली की मी तिच्याबरोबर तापत जाते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्या माझ्या एका मैत्रिणीला उकाडा वाढला की डोळ्यांसमोर धूसर होतं आणि पाय लुळे पडतात. मनोविकारांवरच्या काही औषधांनी घाम कमी होतो, लिथियम घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं तर औषधाचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. ‘भरपूर पाणी प्या’ हाही सोपा सल्ला नाही. ज्यांना संडासापर्यंत न्यायला माणूस लागतो, त्यातले कितीतरी जण पाणी मोजून पितात. मी पितेच तशी, मदतनीस यायच्या वेळा बघून.

जून २०२१ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेची मोठी लाट आली. त्या आठवड्यात ६१९ माणसं गेली. प्रांताने नंतर चौकशी केली, तेव्हा दिसलं की ९८ टक्के मृत्यू घरात किंवा अशाच बंद जागेत झाले होते. गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त एकटे राहत होते. स्किझोफ्रेनिया असलेल्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट होता, असं पुढच्या अभ्यासात निघालं. म्हणजे घरात थांबा सांगितलं, आणि माणसं घरातच गेली.

तेव्हा मी असं लिहिलंय: लाटेच्या इशाऱ्यानंतर यादीतल्या प्रत्येकाशी दिवसातून दोनदा कोणीतरी प्रत्यक्ष बोलेल, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. दार उघडलं नाही तर काय करायचं तेही लिहिलेलं असेल. थंडाव्याची केंद्रं तळमजल्यावर, पायरी नसलेली, आडवं व्हायची सोय असलेली आणि ने-आण करणाऱ्या गाडीसह. गाडी नसेल तर ते केंद्र माझ्यासाठी नाहीच.

यात काही राहिलं का?

रात्रपाळी

राहिलंय. वीज.

माझ्या मुलाला स्नायूंचा विकार आहे, रात्री तो श्वासाच्या मशीनवर असतो. मशीनची बॅटरी काही तासच चालते, नंतर हाताने श्वास द्यायचा फुगा दाबत राहण्याशिवाय माझ्या हातात काही उरत नाही. तुम्ही सगळे ‘बाहेर कसं काढायचं’ यावर बोलताय. आमच्यासारख्यांना बऱ्याचदा बाहेर पडायचंच नसतं, फक्त प्लगमध्ये वीज हवी असते. २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर प्वेर्तो रिकोत सरकारी आकडा आधी ६४ मृत्यूंचा होता. वर्षभराने तो २,९७५ मान्य केला गेला. वादळाच्या वाऱ्याने एवढे गेले नाहीत. महिनोन्‌महिने वीज नव्हती, डायलिसिस, ऑक्सिजन, औषधं मिळत नव्हती, त्यात ही माणसं गेली. वादळ ओसरलं की आराखडे संपतात, पण आमची आपत्ती तेव्हा सुरू होते.

‘घरचे असतातच की’ म्हणणाऱ्यांना माझ्याकडून सांगा. घरची एक मी आहे. मी कामावर असताना मधला रस्ता पाण्याखाली गेला तर मुलाजवळ कोण? मला ताप आला तर? मदतनीस बाईंचं घर सखल भागात असेल तर ती आधी तिची मुलं बघेल, आणि बघावीच. आराखड्यात मदतनिसांनाही ओळखपत्र हवं, रस्ता बंद असला तरी त्यांना सोडतील असं. आणि दुसऱ्या माणसाचं नाव हवं.

विजेसाठी हे मागा: जनरेटर असलेल्या सार्वजनिक इमारतींची यादी, त्यात वैद्यकीय यंत्रांसाठी राखून ठेवलेले प्लग, आणि वीजपुरवठा पूर्ववत करताना ज्या घरांत जीवरक्षक यंत्रं आहेत ती वाहिनी आधी. ठरवून वीज बंद करणार असाल तर आदल्या दिवशी कळवा. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये वणवे लागू नयेत म्हणून वीज कंपनीने लाखो लोकांची वीज बंद केली, तेव्हा दिव्यांग कार्यकर्त्यांनीच एकमेकांसाठी बॅटऱ्या आणि राहायच्या जागा जमवल्या. कौतुक आहे त्यांचं. पण ते काम त्यांच्यावर पडायला नको होतं. आम्हाला प्रत्येक माहितीपत्रकात ‘तुमचं किट तयार ठेवा’ सांगतात. किट मी ठेवलंय. जास्तीची बॅटरी माझ्या पगारातून येते आणि तीही काही तासांचीच आहे.

एका गोष्टीवर नियंत्रण कक्ष यांच्याशी माझं जमत नाही. सगळे ‘यादीतले लोक’ म्हणताय. यादीत नाव दिलं की माणूस निर्धास्त होतो, कोणीतरी येईल वाटतं. कोणी येणार नसेल तर ती यादी घातक आहे. शिवाय घरात अपंग एकटा आहे हे सगळ्या गावाला कळणार.

नियंत्रण कक्ष

ताई, यादीबद्दलची भीती खरी आहे. नुसती यादी मी पण नाकारीन.

जपानमध्ये यावरून बरंच रामायण झालं. २०११ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरच्या बाधित भागांत दिव्यांगांचं मृत्यूचं प्रमाण एकूण लोकसंख्येच्या जवळपास दुप्पट निघालं. पालिकांकडे नोंदी होत्या, पण खाजगी माहिती म्हणून बहुतेकांनी त्या बाहेर दिल्या नाहीत. फुकुशिमातल्या मिनामिसोमाने दिल्या, तेव्हा दिव्यांग संघटनांना दारोदार जाऊन लोक शोधता आले. २०१३ मध्ये कायदा बदलला: पालिकेने यादी करायचीच, एरवी ती मदत करणाऱ्यांना दाखवायची तर त्या माणसाची संमती घ्यायची, आणि प्रत्यक्ष आपत्तीत जीव वाचवण्यासाठी संमतीवाचूनही देता येते. यादी पुरत नाही हे पुढच्या पुरांमध्ये कळलं, म्हणून २०२१ मध्ये प्रत्येकाची वैयक्तिक योजना करण्याचा प्रयत्न करणं हे पालिकांचं कर्तव्य ठरवलं. बेप्पू शहरात ही योजना त्या माणसाची रोजची शुश्रूषा ठरवणारे लोक, शेजारी आणि तो स्वतः असे एकत्र बसून करतात आणि मग चालवून बघतात. मला हेच योग्य वाटतं. शुश्रूषेच्या माणसाला गादी, पंप, औषध सगळं माहीत असतं, आम्हाला नसतं.

तेव्हा यादीतल्या प्रत्येक नावापुढे दोन मदतनिसांची नावं, त्यांची संमती, आणि वर्षातून दोनदा तपासणी. ज्याच्यापुढे नावं भरलेली नाहीत, त्याला स्पष्ट कळवायचं की अजून तुमची सोय झालेली नाही. खोटा दिलासा द्यायचा नाही.

हिरवी वाट

मनापासून विचारतो, राग मानू नका. हे सगळं आपत्ती व्यवस्थापनाचं झालं. हवामान कृतीचा गट वेगळा असतो, तो झाडं, ऊर्जा, प्लास्टिक, गाड्या कमी करणं हे बघतो. तिथे दिव्यांगांचा मुद्दा आणला तर काम पातळ होणार नाही का? आणि संख्येने खरंच किती?

चौथा मजला

राग नाही. मी त्याच गटातली आहे, त्यामुळे हा प्रश्न मला आतून माहीत आहे.

आधी संख्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे, दर सहा माणसांत एकाला. आराखड्याच्या बैठकीत आम्ही बाराजण बसलो होतो.

आता काम पातळ होण्याबद्दल. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदीचा ठराव आपल्याच गटांनी ठिकठिकाणी हिरिरीने मांडला. वाकणाऱ्या स्ट्रॉचा पहिला मोठा उपयोग रुग्णालयांत झाला होता, पडून राहणाऱ्या माणसाला पिता यावं म्हणून. माझ्यासारख्या ज्यांना पेला उचलता येत नाही त्यांना कागदाची स्ट्रॉ चहात विरघळते आणि धातूची दाताला, टाळूला लागते. बंदीला माझा विरोध नव्हता. मागेल त्याला मिळेल एवढी एक ओळ हवी होती, आणि ती सुचवायला आमच्यापैकी कोणी तिथे असायला हवं होतं. गाडीमुक्त रस्त्याचंही तसंच. मला हवेत असे रस्ते, धूर माझ्याच फुफ्फुसांना जास्त बाधतो. पण ज्या बसने गाडीची जागा घ्यायची तिच्यात मला चढता येत नाही. मोठी बस आणा, उतार असलेली आणा, मग मी तुमच्या मोर्च्यात सगळ्यात पुढे.

पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत २०१५ मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा उल्लेख आला. सहा वर्षांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेत इस्रायलच्या ऊर्जामंत्री कारीन एलहरार व्हीलचेअरवरून आल्या, तर पहिल्या दिवशी त्यांना आत जाता आलं नाही. मंत्री होत्या म्हणून जगभर बातमी झाली आणि दुसऱ्या दिवशी सोय झाली. ज्यांची बातमी होत नाही त्यांच्याबद्दल मी बोलतेय. दारातून आत येता येत नसेल तर आतल्या निर्णयात आमचं शहाणपण कुठून येणार? आणि ते आहे आमच्याकडे. वीज गेली तर काय, मदतनीस आला नाही तर काय, दुसरा रस्ता कुठला, हा विचार मी रोज सकाळी घराबाहेर पडायच्या आधी करते. बांगलादेशातल्या गायबांधा या सतत पुरात सापडणाऱ्या जिल्ह्यात दिव्यांग माणसं स्वतः आपत्ती समित्यांमध्ये काम करतात, व्हीलचेअर थेट चढेल अशा बचाव नौकाही त्या प्रयत्नांतून आल्या. त्या नौकेत मग गरोदर बायका, आजारी म्हातारे, गुरंसुद्धा सोप्याने चढतात.

पांढरी काठी

ताई, ‘परिशिष्ट जोडू’ म्हणणाऱ्यांना कायद्याचंही सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचं कलम ११ याच विषयावर आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ८ तर सरळ म्हणतं की आपत्तीत समान संरक्षण हा हक्क आहे आणि जिल्हा आपत्ती प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवून त्यांना धोक्याची माहिती द्यायची. अमेरिकेत २०११ च्या आयरीन वादळानंतर दिव्यांग संघटना न्यायालयात गेल्या होत्या, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये निकाल आला की न्यूयॉर्क शहराच्या आपत्ती योजनेत दिव्यांगांचा विचार नाही, हा भेदभाव आहे. उंच इमारतींतून लोकांना खाली आणायची सोय त्या योजनेत नव्हती. तुमचा चौथा मजला आला की नाही त्यात?

चौथा मजला

आला. निकालाचा मुद्दा समितीला फार लागू पडला, तुमचे आभार.

कालच्या बैठकीचं सांगते. परिशिष्ट रद्द झालं. इशारा, वाहतूक, निवारा, वीज, उष्णता, प्रत्येक प्रकरणातच त्या त्या सोयी लिहायच्या ठरल्या. वेगळा, आधीचा टप्पा मान्य. माणसाबरोबर त्याचं साधनही न्यायचं, हे वाक्य मी सांगितलं तसंच आलं. सूचना मजकुरात आणि आवाजात, मान्य. दुभाष्याशी आधी करार करायचा, हेही मान्य, फक्त पैसे कुठल्या खात्यातून यावर अडलंय. जनरेटरच्या जागी राखीव प्लग मान्य. वीजवाहिनीच्या क्रमावर मात्र ‘ते आमच्या हातात नाही’ म्हणाले, तिथे मी पत्र मागितलंय, कोणाच्या हातात आहे ते लेखी द्या म्हणून. समितीत दिव्यांग सदस्य किती यावर भांडण झालं. एकीला म्हणजे मला घ्यायला ते तयार आहेत. मी एकटी येणार नाही म्हटलं. मला बहिऱ्या माणसाच्या रात्रीबद्दल काय माहीत? हात बोलतात यांनी वर लिहीपर्यंत अंधाराचा मुद्दा मला सुचलाही नव्हता. निदान चौघं, वेगवेगळ्या अपंगत्वाचे, आणि त्यांना येण्याजाण्याचा खर्च. यावर पुढच्या आठवड्यात बोलणार आहेत.

मॉक ड्रिलची तारीख मात्र ठरली. नियंत्रण कक्ष, ती कशी घ्यायला लावू?

नियंत्रण कक्ष

लिफ्ट खरोखर बंद करायला लावा, ‘बंद आहे असं समजू’ नको. एखाद्या धडधाकट पोराला खुर्चीत बसवून दिव्यांग करतात, त्याला ठाम नकार द्या. तो जिन्यात घसरायला लागला की उठून उभा राहतो. तुम्हाला प्रत्यक्ष खाली आणायचं असेल तर आधी जिन्यावरून उतरवायची खुर्ची मागवा, तिचं प्रशिक्षण घेतलेली माणसं आहेत का बघा, आणि तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते जमणार नसेल तर तुमच्या वजनाचं पोतं त्या खुर्चीत बांधून उतरवा, पण तुमच्याच जिन्यावरून. कॅथेटरची पिशवी कुठे ठेवायची, मान कशी धरायची, हे पथकाला तुम्हीच सांगा, मदतनिसाने नाही. त्यांना तुमच्या तोंडून ऐकायची सवय व्हायला हवी.

घड्याळ लावा. पहिला फोन, गाडी दाराशी, तुम्ही निवाऱ्यात, खुर्ची निवाऱ्यात, गादीचा पंप सुरू, या पाचही वेळा एकाच माणसाने लिहायच्या. इशाऱ्याचा टप्पा किती आधी ठेवायचा तो आकडा यातूनच काढायचा. सकाळी घेऊ नका, संध्याकाळी अंधार पडल्यावर घ्या, आणि हात बोलतात यांच्यासारखं कोणी असेल तर त्यांना त्याच वेळी बोलवा. कागद तयार झाला की इथे टाका, निवाऱ्याच्या बाजूचं मी बघून देतो.